पाणी तोडल्याच्या नोंदी : मका प्रकल्प, रबाळे (नवी मुंबई), रब्बी हंगाम

९ नोव्हेंबर

मक्याचा जीव दुष्काळात नेमका कुठे जातो हे बघायचे, तर आधी दुष्काळ हवा तेव्हा आणि हवा तेवढाच पाडता आला पाहिजे. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून खरिपात हे शक्य नाही. पण हा पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो. दिवाळीनंतर मे संपेपर्यंत पिकाला पाणी मिळते ते आपण देऊ तेवढेच. म्हणजे कोकणातला हिवाळा या कामाला मराठवाड्यापेक्षाही सोयीचा. मेक्सिकोत सिमिट या मका-गव्हाच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून ‘तुक्स्पेन्यो सेकिया’ या मक्याची दुष्काळासाठी निवड केली, तीही अशाच कोरड्या हिवाळ्यात, पाण्याच्या पाळ्या मोजून.

जागा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूची घेतली. खाडीकडची मोठी आणि सपाट होती, पण तिथे दीड मीटर खड्डा घेतला तर तळाशी ओल लागली. पाणी तोडल्यावर पीक खालून पिणार असेल तर तो दुष्काळ कसला? शिवाय खाडीकाठचे बोअरचे पाणी खारे असते. जमिनीच्या अर्काची क्षारता १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की मक्याचे उत्पन्न घटायला लागते, आणि खारेपणाने कोमेजलेले ताट (मक्याचे झाड) तहानेने कोमेजलेल्या ताटासारखेच दिसते. म्हणून बोअर बाद, नळाचेच पाणी.

डोंगराकडच्या जागेत वरचा ४० सेंमी मुरूम-भराव, त्यात विटांचे तुकडे. ते चाळून काढले, लाल माती आणि कुजलेले शेणखत मिसळून ६० सेंमी खोलीचा वाफा केला. १० मीटर लांब, ३.६ मीटर रुंद.

१५ नोव्हेंबर

वाफा दुष्काळ सोसणारी ताटे निवडून त्यांचे बी राखण्यासाठी, नळकांडी पाण्याच्या मोजमापासाठी. २०० मिमी व्यासाचे पीव्हीसी पाइप १.२ मीटरचे तुकडे करून घेतले, एकूण २६. बुडाला भोके पाडलेले टोपण, त्यावर जाळी आणि ३ सेंमी खडी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत पिकाचे पाणी मोजायला अशीच उंच नळकांडी वापरतात. कुंडी का नाही? कुंडीत मुळाला खोली नसते. शेतात दोन-तीन आठवड्यांत चढणारा ताण कुंडीत तीन दिवसांत चढतो आणि झाडाला सावरायला वेळच मिळत नाही.

भरताना दर १५ सेंमीला माती हलकी ठोकली. एकदम ओतली तर पहिल्या पाण्याला ती १० सेंमी खाली बसते आणि पाणी कडेने निसटते. प्रत्येक नळकांड्यात कोरडी माती ४२ किलो. पूर्ण भिजवून, तोंड झाकून, ४८ तास निथळू दिले आणि वजन घेतले : ५२ ते ५३ किलो. यातले झाडाला ओढता येईल असे पाणी साधारण ४.१ लिटर. बाकीचे मातीने धरून ठेवलेले, झाडाच्या उपयोगाचे नाही. वजनाला लटकता डिजिटल काटा आणि चेन-पुली. काट्याची अचूकता ५० ग्रॅम, रोजच्या मापाला पुरते.

२४ नोव्हेंबर — पेरणी

तारीख मुद्दाम हीच. आज टोकले तर तुरा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येईल. उशीर करून फुलोरा मार्चात गेला तर पारा ३८ अंशांपुढे जाऊ शकतो आणि त्या उष्णतेने परागच मरतात. मग नुकसान पाण्याच्या ताणाचे की उन्हाचे हे सांगता येणार नाही.

नळकांड्यांत तीन प्रकारचे बियाणे : ‘अ’ एकेरी संकरित (दोन शुद्ध वाणांच्या संकराचे), ‘ब’ सुधारित मिश्र वाण, ‘क’ म्हणजे ‘अ’च्याच पिकातले घरी राखलेले दाणे. संकरिताचे बी राखले की पुढच्या पिढीत त्याचा संकरजोम (संकरामुळे आलेला जोर) साधारण निम्म्यावर येतो, हे ठाऊक असूनही दर वर्षी कुणीतरी ते पेरतेच. ताणात ते कसे वागते ते बघायचे आहे. प्रत्येकाची आठ नळकांडी, चार पाण्याची आणि चार ताणाची. दोन जास्तीची तालमीला.

वाफ्यात फक्त ‘ब’. निवड करायची तर झाडाझाडांत फरक हवा. एकेरी संकरितात सगळी ताटे एकाच मुशीतली, त्यातून निवडणार काय? ६० × २५ सेंमी अंतर, सहा ओळी, ओळीत ४०, म्हणजे २४० ताटे. जागी दोन दाणे, ४-५ सेंमी खोल.

खत हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र, स्फुरद, पालाश) या शिफारशीने. ३६ चौ.मी. साठी हिशेब : युरिया ९४० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो ३५० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश २४० ग्रॅम. स्फुरद-पालाश आज सगळे, युरियाचा तिसरा हिस्सा आज, उरलेले ३० आणि ४० दिवसांनी. नत्रात कसर नाही, कारण नत्र कमी पडले तरी कणसाचे केस उशिरा येतात आणि दोष पाण्यावर जातो.

३ डिसेंबर

उगवण चांगली, पण कबुतरांनी ३१ रोपे उपटली. त्यांना दाणा हवा असतो, रोप नाही. कोंब वर आला की दाण्याचा पत्ता लागतो. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे टोकले, वर मासेमारीची जुनी जाळी टाकली. भरलेली रोपे आठवडाभर मागे राहणार, त्यांना खुणेची लाल सुतळी. यातले एकही ताट निवडीला धरायचे नाही.

१२ डिसेंबर

विरळणी झाली. सात-आठ पोंग्यांत (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) लष्करी अळी : पानांवर खिडक्यांसारखे पांढरे चट्टे, पोंग्यात लाकडी भुशासारखी विष्ठा. अळ्या वेचल्या, नंतर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी हे कीटकनाशक लिटरला ०.४ ग्रॅम, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. सगळीकडे उडवून उपयोग नाही, अळी आत बसलेली असते.

३० डिसेंबर — तालीम फसली

जास्तीच्या दोन नळकांड्यांचे पाणी २६ तारखेला पूर्ण बंद केले होते. पाचव्या दिवशी सकाळी सातलाच पाने सुरळीसारखी वळलेली. झाड दिवसाला सुमारे ९०० मिली ओढत होते, ४.१ लिटर किती दिवस पुरणार? खोल नळकांडे घेऊनही ताण कुंडीसारखाच अंगावर आला.

आता पद्धत बदलली. रोज सकाळी वजन घ्यायचे, आणि नळकांडे कालच्यापेक्षा फक्त २५० ग्रॅम हलके राहील इतके पाणी परत द्यायचे. १.१ लिटर गेले तर ८५० मिली परत. अशाने साडेतीन लिटर उतरायला १४ दिवस लागतील, शेतात लागतात तसे. सगळ्या नळकांड्यांच्या तोंडाशी थर्माकोलच्या गोळ्यांचा ३ सेंमी थर, म्हणजे मातीतून उडणारे पाणी झाडाच्या नावावर पडणार नाही.

६ जानेवारी — वाफ्याचे पाणी तोडले

पेरणीनंतर ४३ वा दिवस. काल संध्याकाळी शेवटची पाळी, भरपूर. हिशेब असा : ६० सेंमी खोलीत उपलब्ध पाणी ६०-६५ मिमी, पीक दिवसाला ४ मिमी ओढते, म्हणजे पंधरवड्यात कोठार रिकामे. नेमका तेव्हाच तुरा.

पाणी याच वेळी का तोडायचे? मका गुडघाभर असताना ओढ बसली तर पाने लहान राहतात, उंची मारते. नंतरच्या पावसात तो पुष्कळ भरून काढतो. दाणे भरत आल्यावर ओढ बसली तर दाणा बारीक होतो, पण असतो. फुलोऱ्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन, एवढ्याच काळात दाण्यांची संख्या ठरते. ती गेली की पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाही. जूनअखेर पेरलेल्या खरीप मक्याची हीच वेळ ऑगस्टच्या मध्यावर येते आणि आपल्याकडे पावसाचा खंडही बहुधा तेव्हाच पडतो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता.

१४ जानेवारी

नळकांड्यांचे वजन रोज २५० ग्रॅमने उतरवणे १० तारखेपासून सुरू. पहिले चार दिवस झाडाला काही कळलेले दिसत नाही.

वाफ्यात सकाळी ११ नंतर पाने वळतात, संध्याकाळी उलगडतात. पान वळण्याला १ ते ५ गुण, दुपारी २ वाजता. वळलेले पान म्हणजे झाड वाईट, असे नाही. काही ताटे लवकर वळून पाणी वाचवतात, काहींना मुळातच पाणी मिळत नाही. म्हणून या गुणाला निवडीत कमी वजन.

नैर्ऋत्य कोपऱ्यातली पंचवीसेक ताटे मात्र कमाल दिसतात. रुंद, हिरवी, दुपारी दोनलाही सपाट पाने. कच्च्या यादीत त्यांचीच नावे सर्वांत वर आली आहेत.

१७ जानेवारी — कोपऱ्यातल्या शूरांचे गुपित

आगरने (माती काढायच्या गिरमिटाने) चार ठिकाणची माती काढली, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवली. ३० ते ४५ सेंमी थरात ओल : तीन ठिकाणी ९ ते १० टक्के, कोपऱ्यात १९. शेजारच्या इमारतीच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप भिंतीपलीकडे पहाटे वाहतो आणि पाणी भिंतीखालून झिरपते. दुष्काळ सोसणारी म्हणून जी ताटे निवडली जात होती, ती रोज पाणी पीत होती.

पाइपला रबरी नळी जोडून पाणी गटाराकडे नेले. पण आतापर्यंतचे झिरपलेले कसे काढणार? यावर उपाय जुनाच आहे : वाफ्याचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली सरस ताटे त्या चौकोनातल्या शेजाऱ्यांशीच ताडून घ्यायची. नेब्रास्कात गार्डनरने १९६१ मध्ये मक्यासाठी ही रीत मांडली. इथे दोन ओळी × दहा ताटे असा चौकोन, एकूण १२. प्रत्येकातून दोन, म्हणजे २४ कणसे. ओल्या कोपऱ्यालाही दोनच जागा. खरे तर हे पेरणीच्या दिवशीच आखून ठेवायला हवे होते.

२० ते २९ जानेवारी — तुरा आणि केस

रोज सकाळी साडेआठला प्रत्येक ताट बघायचे. तुऱ्यातून पहिले परागकोश लोंबले की एक तारीख, कणसाच्या टोकाला केस १ सेंमी दिसले की दुसरी. दोहोंतला फरक म्हणजे तुरा-केस अंतर. या सगळ्या कामात डोळ्यांत तेल घालून मोजायचा आकडा हाच.

तुरा दुष्काळाला फारशी दाद देत नाही, तो जवळपास वेळेवर येतो. केस मात्र रखडतात, कारण केस वाढणे म्हणजे पेशींत पाणी भरून त्या लांबणे. भरपूर पाण्यात केस दिवसाला दोन-तीन सेंमी वाढतात. ओढ असली की ही वाढ सकाळच्या गारव्यापर्यंतच उरकते आणि ऊन चढताच थांबते. तुऱ्यातला पराग पाच ते आठ दिवसांत संपतो. केस त्यानंतर बाहेर आले तर वाट बघत सुकतात.

नळकांड्यांतले मध्यक, दिवसांत : ‘अ’ पाण्यात १, ताणात ३. ‘ब’ पाण्यात २, ताणात ६. ‘क’ पाण्यात ३, ताणात ७, आणि त्यातल्या एका ताटाला केस आलेच नाहीत. चार-चार ताटांवरून वाणाचा निवाडा करू नये, पण कल स्पष्ट आहे.

वाफ्यातली एक गोष्ट फसवी आहे. तिथे ताटे पुढेमागे फुलतात, त्यामुळे उशिरा आलेल्या केसांना शेजारच्या उशिरा फुललेल्या तुऱ्याचा पराग मिळून जातो. शेतकऱ्याच्या एकेरी संकरिताच्या शेतात सगळे तुरे एकदम फुलतात आणि एकदम संपतात. तिथे सहा दिवसांचे अंतर वाफ्यापेक्षा जास्त महागात पडते.

२४ जानेवारी — पिशव्या

निवडीच्या ताटांचे स्वपरागीकरण, म्हणजे ताटाचा पराग त्याच्याच केसांवर टाकणे, सुरू. क्रम : केस दिसण्याआधीच कोवळ्या कणसावर बटर पेपरची पिशवी. केस आले की कणसाचे टोक सोलपटासकट २ सेंमी छाटून पिशवी परत चढवायची. दुसऱ्या सकाळी केसांचा सारखा, आखूड ब्रश तयार होतो. त्याच संध्याकाळी तुऱ्यावर तपकिरी कागदी पिशवी, दांड्याशी घट्ट दुमडून क्लिप. सकाळी ९ ते ११ मध्ये तुरा वाकवून पिशवी टिचकीने झटकायची. ताजा पराग पिवळा आणि मोकळा, पिठीसारखा घरंगळतो. गोळे झाले तर पहाटेचे दव आत शिरलेले असते, तो टाकायचा. रबाळ्यात या दिवसांत पहाटे धुके असते, म्हणून दहाच्या आत झटकलेल्या चार पिशव्या वाया गेल्या. पराग केसांवर ओतून मोठी पिशवी चढवायची, खोडाला स्टेपल, तारीख पेन्सिलने. बॉलपेनची शाई फेब्रुवारीच्या उन्हात उडते.

ताणातल्या वाफ्यात ५२ ताटांवर पिशव्या चढवल्या, स्वपरागीकरण जमले ३३ वर. उरलेल्यांचे केस आले तेव्हा त्यांचा स्वतःचा पराग संपला होता. हे अपयश धरायचे नाही. ज्या ताटाचे केस आणि पराग एका वेळी हाताशी असतात त्याचेच बी मिळते, म्हणजे अंतर मोजणारी पहिली चाळणी झाडाने स्वतःच लावली.

३१ जानेवारी — हलवून बघणे

तीन कणसे बळी दिली. सोलपटाला बुडापासून टोकापर्यंत उभा छेद, पाने अलगद सोडवली आणि कणीस उलटे धरून हलवले. फळलेल्या दाण्याचे केस दोन-तीन दिवसांत सुटतात आणि हलवताच गळून पडतात. न फळलेल्याचे चिकटून राहतात. पाण्याच्या कणसाचे जवळपास सगळे केस गळले, टोकाकडचे थोडे राहिले. ताणाच्या कणसावर वरचा अर्धा भाग केसाळच. बुडाचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे शेवटी. उशिराची झळ टोकाला.

२ फेब्रुवारी

वाफ्याला २८ दिवसांनी पाणी, ५० मिमी, दोन हप्त्यांत. नळकांडीही भरली. २४ तारखेपासून ती उताराच्या शेवटच्या वजनावर धरून ठेवली होती, तिथे झाड दिवसाला ४५०-५०० मिलीच ओढत होते. दुसऱ्या सकाळी पाने उलगडली. रस्त्यावरून बघणाऱ्याला आता वाफ्यात काही बिघडलेले दिसणार नाही, आणि म्हणूनच शेतातले नुकसान कापणीपर्यंत ध्यानात येत नाही.

१५ फेब्रुवारी

नळकांड्यांतले ‘अ’चे एकेक कणीस उघडून दाणे मोजले. पाण्याचे : १४ ओळी, भरलेले ४४१. ताणाचे : १४ ओळी, भरलेले १९३. ओळी सारख्याच, कारण त्यांची संख्या पीक गुडघ्याला लागते तेव्हाच ठरते (आणि नेहमी समच असते). ताणाच्या कणसात न फळलेल्या जागांच्या खाली आणखी एक पट्टा आहे : पांढुरके, सुरकुतलेले, फळून मग सोडून दिलेले दाणे. यांना पराग मिळाला होता, साखर मिळाली नाही. ताणात पानांचे काम मंदावते, कोवळ्या दाण्याकडे साखर पोचत नाही, आणि झाड टोकाकडून एकेक दाणा सोडत जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ताणातल्या मक्याच्या खोडात साखरेचे द्रावण सोडून असे बरेच दाणे वाचवून दाखवले होते. शेतात ते शक्य नाही, पण रोग कुठे आहे ते कळले.

२७ फेब्रुवारी

पोपट. पिशवी नसलेली ११ कणसे दोन सकाळींत गेली. उरलेल्या सगळ्यांना पिशव्या.

१० मार्च — कापणी

दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला, म्हणजे दाणा पिकला. ताणाची ताटे चार दिवस आधीच पिकली. नळकांड्यातल्या ‘अ’चा सरासरी हिशेब : पाण्यात ५८ लिटर आणि ११८ ग्रॅम दाणे, ताणात ४८ लिटर आणि ५२ ग्रॅम. पाणी सहाव्या हिश्शाने कमी पडले, दाणे निम्म्याहून कमी झाले. ‘कमी पाण्यावर येणारा मका’ असे पाकिटावर छापलेले असते, तेव्हा कमी म्हणजे कधी कमी, हे विचारावे.

वाफ्यात कापणीला २२६ ताटे, पैकी ६१ वांझ, म्हणजे दाण्याचे कणीस न धरलेली. ओल्या कोपऱ्याच्या चौकोनात वांझ एकच.

निवडीत नुसते दाण्यांचे वजन धरले नाही. कडक ताणात ताटाताटांतला वजनाचा फरक बहुतेक मातीचा असतो, वंशाचा थोडा. तुरा-केस अंतर आणि ताटामागे कणसे हे गुण तेव्हाही पिढीला उतरतात. तुक्स्पेन्यो सेकियाच्या निवडीच्या आठ फेऱ्यांनंतर तपासले तेव्हा हेच निघाले : उत्पन्न वाढले ते कणसाला वाटा जास्त मिळाल्याने आणि केस वेळेवर आल्याने. झाड जमिनीतून जास्त पाणी ओढायला शिकले नव्हते. म्हणून इथे गुण असे : भरलेले कणीस असणे ही अट, मग अंतर ३ दिवसांपर्यंत, मग दाण्यांची संख्या, शेवटी वजन. लाल सुतळीची आणि रिकाम्या जागेशेजारची ताटे बाद, कारण शेजारी नसलेल्याला पाणी जास्त मिळते.

बारा चौकोनांतून २४ हवी होती, २२ मिळाली. दोन चौकोनांत अटीत बसणारे दुसरे ताट नव्हते, तिथे जागा रिकाम्या ठेवल्या. अट सैल करून भरती केली नाही.

१८ मार्च

कणसे सावलीत वाळवली. थेट उन्हात सिमेंटवर टाकली की कोंब भाजतो. दाण्यांची ओल १० टक्क्यांवर आली. प्रत्येक कणसाचे सारखे ६० दाणे मोजून एकत्र केले, म्हणजे मोठ्या कणसाचे घराणे पुढच्या पिढीत डोईजड होणार नाही. उरलेले दाणे कणीसनिहाय पाकिटांत. सिलिका जेलसह हवाबंद बरण्या, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

पुढच्या फेरीसाठी : चौकोन पेरणीआधी आखायचे, आगरने १२ ठिकाणची ओल आधीच मोजायची, आणि भिंतीच्या कडेने ७० सेंमी खोल चर खणून त्यात जाड प्लॅस्टिक उभे करायचे. ओव्हरफ्लोची नळी काल कुणीतरी काढून नेली आहे. नवी चार मीटर, क्लॅम्पसह.